कापायच्या रेघेबाहेर

भोसरीत माझं डिझाइनचं दुकान आहे आणि मला राग लवकर येतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. दिवसभर लोक येतात, दहा जणांकडून फिरून धूसर झालेला व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो पुढे करतात आणि म्हणतात, ताई, हा जरा मोठा करून छापा, दोन मिनिटांचं काम आहे. ज्यांना ते दोन मिनिटांचं वाटतं त्यांनी ते घरीच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. माझा नवरा निरंजन चाकणला कंपनीत आहे. तो म्हणतो, अपेक्षा, दुकानाच्या पाटीवरच लिहून टाक, इथे बोलणी फुकट मिळतील.

दिव्या पहिल्यांदा आली तेव्हा मी अशाच एकाला वाटेला लावत होते. ती शांतपणे बाकावर बसून राहिली. तो गेल्यावर तिनं फोन माझ्यासमोर धरला. तिच्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका होती. कडेपर्यंत भरलेला मोरपंखी रंग, त्यावर सोनेरी वेल, आणि मधे मोजकी, देखणी अक्षरं. फोनवरच्याच एका फुकटच्या अ‍ॅपमध्ये तिनं ती केली होती. पोरगी हिंजवडीला आयटीत कामाला, घर मात्र इथलंच, भोसरी गावठाणातलं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. वडील दादासाहेब. त्यांना या भागात कोण ओळखत नाही?

पत्रिका खरंच सुंदर होती आणि तेवढ्यानंच मला तिची काळजी वाटली. मी तिला काही न बोलता त्याच फाइलचा एक कागद छापून दिला. मोरपंखी रंग धुऊन धुऊन विटलेल्या जीन्ससारखा आला होता. तिचा चेहरा पडला. मग मी तिला समजावलं. फोनवरचा रंग उजेडाचा असतो आणि पत्रिकेवरचा शाईचा. प्रेसमध्ये शाया चारच. त्या चारांच्या मिसळीतून जो रंग निघत नाही तो कागदावर उतरत नाही, मग फोनवर तो कितीही झगमगू दे. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं.

मी म्हटलं, राहू दे, मी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्यानं करून देते. आमच्याकडच्या छपाईवाल्यांचा सगळा संसार कोरलवर चालतो. मी ज्यांच्याकडे छापून घेते त्या चिमाजीअण्णांच्या प्रेसमध्ये तर त्याची इतकी जुनी आवृत्ती आहे, की नवी फाइल उघडायला गेलं की कॉम्प्युटर आधी विचारात पडतो. पण दिव्याला ते नको होतं. तिला पत्रिका स्वतःच्याच हातानं करायची होती. हौस असेल, असं मला वाटलं.

पुढचा आठवडा ती सॉफ्टवेअर शोधत होती. एकात रंग शाईचे करता येत, पण मराठी टाकलं की जोडाक्षरं मोडून पडत. दुसऱ्यात मराठी ठीक, पण ते शिकायलाच लग्नाची तारीख उलटून गेली असती. नवरी बघायला निघावं तशी प्रत्येकात काही ना काही खोड निघत होती. शेवटी ती पुन्हा आपल्या जुन्या अ‍ॅपवरच आली. त्यात शाईच्या रंगांची फाइल काढायची सोय आहे हे तिनं शोधलं होतं, आणि ते मलाही ठाऊक नव्हतं. शाईत उतरेल असा मोरपंखी तिनं चार वेळा छापून बघून नक्की केला.

मग मी तिला विचारलंच, की एवढा अट्टहास कशासाठी? पत्रिका करून देणारी मी इथे बसलेली असताना?

ती म्हणाली, “फाइल माझ्याकडे असली ना, तर शेवटच्या क्षणाला एक नाव घालता येईल. कुणाला विचारावं लागणार नाही.”

ते नाव होतं तिच्या सख्ख्या काकांचं, सोपानरावांचं. दादासाहेब आणि सोपानराव, पाठीला पाठ लावून आलेले भाऊ. वडिलोपार्जित जमिनीवर दोघांनी शेजारीशेजारी शेड बांधल्या आणि वर्कशॉपवाल्यांना भाड्यानं दिल्या. तोवर ठीक होतं. मग एका शेडचं गेट दुसऱ्याच्या वाटेवर उघडलं आणि बोलणं बंद झालं. घरं एका भिंतीची, पण अनेक वर्षं एकमेकांकडे बघणंसुद्धा नाही. दिव्या मात्र काकांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली, ती त्यांना नाना म्हणायची. तिचं म्हणणं साधं होतं. नाना लग्नाला आले नाहीत तर तिला ते लग्न लग्न वाटणार नव्हतं. आणि पत्रिकेत नाव नसलं तर नाना येणार नव्हते. आमच्या इकडे पत्रिकेत नाव नसणं म्हणजे ‘येऊ नका’ असं छापून कळवणं.

मग मीही तिच्या बाजूची झाले. राग राहिला बाजूला. मी तिला सगळं नीट शिकवलं. छपाईला फाइल देताना अक्षरांचं चित्र करून टाकायचं, म्हणजे प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला तरी अक्षरं बदलत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्लीड. पत्रिका मोठ्या कागदावर छापतात आणि मग मशीन अख्खा गठ्ठा एकदम कापतं. गठ्ठा केसभर जरी सरकला तरी कडेला पांढरी रेघ उमटते. म्हणून रंग कापायच्या रेघेच्या बाहेर थोडा वाढवायचा आणि अक्षरं रेघेच्या बरीच आत ठेवायची. बाहेरचा रंग कापून फेकण्यासाठीच असतो. तिच्या अ‍ॅपमध्ये ती रेघ दाखवायची सोय काही तिला सापडली नाही, म्हणून तिनं पानच चारी बाजूंनी थोडं मोठं करून घेतलं. कडेची पट्टी नुसती रंगाची ठेवायची, तिथे काही घालायचं नाही, हे मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

इकडे दादासाहेबांची यादी वाढत होती. पत्रिकेची पुढची बाजू दिव्याची आणि मागची नावांची, असा घरात तह झाला होता. मागची बाजू बघता बघता भरली. निमंत्रक, आपले नम्र, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, मग मामा, मग मावश्या, मग ‘आमच्या ताईच्या लग्नाला नक्की या’ म्हणणारी सगळी चिल्लीपिल्ली. दादासाहेब दुकानात येत, माझ्या स्क्रीनवर बोट आपटत आणि म्हणत, हितं बसतंय की एक. नाकापेक्षा मोती जड झाला होता. पण या सगळ्या गर्दीत सोपानराव कुठे नव्हते, आणि दिव्यानं विषय काढला की दादासाहेब उठून गाडीला किक मारत.

त्यांना दोष तरी किती द्यायचा? छपाईचा त्यांचा अनुभव सगळा फ्लेक्सचा. वाढदिवस असो, निवड असो, आपल्याकडे फ्लेक्सच्या काठापर्यंत चेहरे लागतात. कोपरा मोकळा राहिला म्हणजे कुणाला तरी विसरलं, आणि तो विसरलेला दुसऱ्या दिवशी दारात उभा. फ्लेक्स कुणी कापत नाही. जे स्क्रीनवर दिसतं ते सगळं चौकात लागतं.

फाइल प्रेसला द्यायच्या दिवशी मला चाकणला जायचं होतं, एका कारखान्याच्या लेबलांचे नमुने घेऊन. मी दिव्याला सांगितलं, तू परस्पर चिमाजीअण्णांना फाइल पाठव, मी त्यांना फोन करून ठेवते. चिमाजीअण्णांचा नियम एकच, फाइल येईल तशी छापायची. गिऱ्हाइकाच्या शहाणपणात ते पडत नाहीत. पूर्वी पडायचे, तेव्हा भांडणं फार व्हायची.

त्या सकाळी काय झालं ते मला नंतर कळलं. दिव्या लॅपटॉप उघडून बसली होती. दादासाहेब चहा पीत मागे उभे राहिले आणि बराच वेळ त्या नावांकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, “त्याचं बी घाल.” कुणाचं, असं तिनं विचारलंसुद्धा नाही. पण यादीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुणालाही वर-खाली सरकवलं असतं तर त्यावरून नवं महाभारत. तेव्हा दादासाहेबांनी वाकून खालच्या पट्टीवर बोट ठेवलं. एवढी जागा मोकळी हाय की, म्हणाले. आणि जिच्याकडून मी दोनदा वदवून घेतलं होतं, त्या पोरीनं आनंदाच्या भरात नाव तिथे बसवलं आणि फाइल पाठवून दिली. वडिलांचं मन फिरायच्या आत ती फाइल घराबाहेर पडायला हवी होती, एवढंच तिला कळत होतं.

पत्रिका तयार झाल्या तशा दादासाहेबांनी त्या प्रेसवरून परस्पर उचलल्या. त्यांना घाई होती, आणि आता कळतं की ती कशाची होती. पहिली पत्रिका भैरवनाथाला ठेवली. दुसरी घेऊन, अक्षता घेऊन, ते स्वतः सोपानरावांच्या दारात जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बोलले कुणीच नाही. सोपानरावांच्या बायकोनं, यशोदाबाईंनी, पत्रिका घेतली, कपाळाला लावली आणि दादासाहेब परत आले. आईशपथ, तेवढं जरी तिथेच थांबलं असतं ना!

थोड्या वेळानं यशोदाबाईंनी पत्रिका उलटी करून पाहिली. तळाशी शेवटची ओळ होती आणि ती अर्धीच होती. वरची शिरोरेघ, काना-मात्रांचे शेंडे आणि त्याखाली नुसता कागदाचा काठ. कुणाचं नाव आहे हे मात्र नेमकं कळत होतं. त्यांनी दिव्याला ऑफिसात फोन केला. रागावल्या नाहीत, आणि तेच वाईट होतं. “बाई, असंच करायचं व्हतं, तर दारात आले कशाला?” एवढंच विचारलं.

दिव्याचा मला फोन आला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. मी तशीच प्रेसवर गेले. मशीन लावताना वाया जाणारे कागद चिमाजीअण्णा टाकत नाहीत, त्यावर वडापाव ठेवतात. त्यातला एक न कापलेला, तेलाचा डाग असलेला कागद मी उचलला आणि दुकानात आले, तर दादासाहेब तिथे आधीच हजर. सगळ्यांचा उद्धार चालू होता. मशीनचा, माझा आणि चिमाजीअण्णांच्या सात पिढ्यांचा. मी उलट बोलायला तोंड उघडलं, आणि दारात सोपानराव उभे.

दिव्यानंच त्यांना पाठवलं होतं. ताईंच्या दुकानात जा, त्या तुम्हाला सगळं दाखवतील, म्हणाली होती. वडील तिथे असतील हे तिला माहीत नव्हतं. माझं दुकान म्हणजे एक टेबल आणि एक बाक. दोघे भाऊ बाकाच्या दोन टोकांना बसले आणि समोरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

सोपानराव मला म्हणाले, की ह्यांना विचारा, नाव घालायचं नव्हतं तर नुसतं गाळायचं होतं, कापून कशाला दाखवलं? दादासाहेब तिथे हातभर अंतरावर बसलेले. त्यांनी ऐकलं, आणि मला सांगितलं, की त्याला सांगा, कापलं मशीननं. मी दोघांच्या मधे उभी राहून निरोप पोचवत होते. एरवी मी दोघांनाही बाहेर काढलं असतं. पण दिव्या तिकडे ट्रॅफिकमध्ये अडकून रडत होती आणि तिचं लग्न या बाकावर अडकलं होतं.

मी तो न कापलेला कागद सोपानरावांच्या मांडीवर ठेवला. चारी कोपऱ्यांना कापायच्या बारीक खुणा होत्या. खालच्या दोन खुणा जोडणारी रेघ मी बोटानं काढून दाखवली. ती बरोबर नावाच्या पोटातून जात होती. पण नाव पूर्ण होतं. श्री. सोपानराव, आणि पुढे ‘वधूचे काका’. त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं, तेलाचा डाग अंगठ्यानं पुसायचा प्रयत्न केला.

“म्हंजी घातलं व्हतं,” ते म्हणाले.

घातलं होतं, मी म्हटलं. दिव्यानं घातलं.

“मी सांगितलं,” दादासाहेब कॅलेंडरला म्हणाले. “आन ती जागा बी मीच दावली. पोरीची चूक न्हाई त्यात.”

तरी सोपानराव पूर्ण निवळले नाहीत. त्यांनी मला विचारायला सांगितलं, की सख्ख्या भावाला तळाची पट्टी आणि मामाच्या साडूला पार वर जागा, हे कुठल्या शास्त्रात बसतं? हा प्रश्न मलाही पडलेला असल्यामुळे मी तो जरा जोरातच विचारला. दादासाहेबांनी रुमालानं मान पुसली. मग उठले आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. कॉम्प्युटर चालू करा, म्हणाले. सगळ्या पत्रिका नव्यानं छापायच्या.

मी दिव्याची फाइल कोरलमध्ये आणली आणि पहिल्यांदा कापायची रेघ ओढली, लालभडक, म्हणजे कुणी विसरायला नको. कुठे घालू, असं विचारलं. ‘निमंत्रक’ या शब्दाखाली दादासाहेबांचं एकट्याचं नाव होतं, आणि त्याखाली दोन ओळी भरून ते कोण कोण आहेत ते. तरुण मंडळाचे संस्थापक, पतसंस्थेचे संचालक, शांतता समितीचे सदस्य, माजी उमेदवार. महापालिकेच्या एका निवडणुकीत ते उभे राहिले होते, त्याचं ते ‘माजी’.

दादासाहेबांनी त्या दोन ओळींवर बोट फिरवलं. “हे समदं काढा.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ज्या माणसानं रेशनकार्डावरही पदं छापली असती, तो स्वतःहून पुसायला सांगत होता. सगळं? मी विचारलं. सगळं, म्हणाले, आणि तिथे त्याचं नाव घाला. माझ्या खाली नको. शेजारी, एका ओळीत.

मी निवडलं आणि डिलीटचं बटण दाबलं. दोन्ही ओळी गेल्या. तिथे मी ‘श्री. सोपानराव’ टाइप केलं, दोन्ही नावं एका उंचीची केली, एका रेषेत आणली. मागे बाक करकरला. सोपानराव उठून स्क्रीनजवळ आले होते. त्यांनी वाकून पाहिलं. आता ते दोघे माझ्या दोन खांद्यांवरून बघत होते आणि दोघांच्याही तोंडाला तंबाखूचा एकच वास येत होता.

“दादा,” सोपानराव म्हणाले, आणि या वेळी मला निरोप द्यायला सांगत नव्हते. “माजी उमेदवार तेवढं ऱ्हाऊ दे.”

दादासाहेब वळले. “पडलो व्हतो की मी.”

“पडलास तर पडलास. घरोघर मीच फिरलो न्हाई का तुज्यासाठी?”

दादासाहेबांनी पुन्हा रुमाल काढला आणि नाक पुसलं. मला स्क्रीन दिसेनाशी झाली. मी रडतेय हे कळलं असतं तर ते दोघेही सुरू झाले असते, म्हणून मी माउस इकडेतिकडे फिरवत राहिले. मग दादासाहेबांनी दुखरी बाजू झाकावी तसं हळू आवाजात विचारलं, की बसंल का तेवढं? मी म्हटलं, बसवते. तळाची वेल थोडी खाली नेली, मामांच्या ओळी जवळ घेतल्या. ‘माजी उमेदवार’ बसलं, रेघेच्या चांगलं आत.

छापायच्या आधी दोघांनी चष्मे लावून सगळं वाचलं. वाचता वाचता चुलत्यांच्या क्रमावरून त्यांचं वाजलं, आणि चक्क समोरासमोर वाजलं. मधे मी नव्हते. एक म्हणे हा थोरला, दुसरा म्हणे तो थोरला, आणि दोघे मिळून भावकीतल्या तिसऱ्याच कुणाला शिव्या द्यायला लागले. इतकं सुंदर भांडण मी भोसरीत ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात दिव्याची स्कूटर दारात थांबली. ती धावत आली आणि उंबऱ्यातच थबकली. हेल्मेट काढायचंही तिला सुचलं नाही. ते हेल्मेट घालूनच ती एकदा वडिलांकडे, एकदा काकांकडे बघत राहिली.

“उभी का?” दादासाहेब स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. “बस की नानाजवळ.”